आधी घोड्याला पाणी

नाशिकजवळच्या देवळालीचं नाव इंग्रजी शब्दकोशात सापडतं, आणि तेही विशेषण म्हणून. 'डूलॅली' म्हणजे डोकं फिरलेला, भ्रमिष्ट. इंग्रजांच्या काळात देवळालीला लष्कराची मोठी छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथं थांबायचे. जहाजं हिवाळ्याच्या महिन्यांतच निघायची. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली, त्याला पुढचे कित्येक महिने तिथंच काढावे लागायचे. काम नाही, ऊन मरणाचं, वर दारू आणि हिवताप. काहीजण नुसतं बसून बसून बिघडायचे. अशा माणसाला बाकीचे म्हणायचे, ह्याला 'डूलॅली टॅप' झालाय. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

शब्द थट्टेतून जन्मला आणि थट्टेतच वापरला गेला. पण त्यात एक खरी गोष्ट अडकलेली आहे. नोकरी संपली म्हणून शिपाई लगेच घरी पोचत नाही. कागद हातात पडतो, गणवेश उतरतो, गाडीचं तिकीटही मिळतं, तरी डोक्यातली छावणी उठायला वेळ लागतो. काहींची कधीच उठत नाही.

त्या छावणीतून माणसाला बाहेर काढण्यासाठी अमेरिकेत निवृत्त सैनिकांना घोड्यांच्या सहवासात ठेवतात, हे मला पहिल्यांदा मोबाइलवरच्या एका रीलमधून कळलं. दाढी वाढलेला एक धिप्पाड माणूस, अंगावर गोंदण, घोड्याच्या मानेला कपाळ टेकवून उभा होता. खाली कमेंटमध्ये बदामांचा पाऊस. मी पालमचा. आमच्याकडं घोडा दिसतो तो वरातीत किंवा मालेगावच्या यात्रेत. त्यामुळे पहिली प्रतिक्रिया अशी होती की, हे श्रीमंत देशांचे चोचले. मग वाचत गेलो, आणि लक्षात आलं की या गोष्टीची अर्धी मुळं आपल्याच मातीत आहेत. निदान तिच्यातले शब्द तरी.

रिसाला बाजार

पालम हे गंगाखेड–लोहा रस्त्यावरचं तालुक्याचं गाव, परभणी जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. इथून उत्तरेला हिंगोली. 1 मे 1999 ला वेगळा जिल्हा होईपर्यंत हिंगोलीही परभणीतच होती. हिंगोलीत रिसाला बाजार नावाचा भाग आहे. रिसाला म्हणजे घोडदळाची पलटण. आज तिथं राहणाऱ्या किती पोरांना हे ठाऊक असेल कोण जाणे, पण त्या नावात शंभर-दीडशे वर्षांच्या टापा आहेत.

आपला सगळा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाच्या खर्चानं पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक फौज उभी होती, तिचं नाव हैदराबाद कंटिंजंट. तिच्याच खर्चापोटी 1853 मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. या फौजेची ठाणी मराठवाड्यात पसरली होती: हिंगोली, जालना, औरंगाबाद आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई. 1903 मध्ये ही फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली आणि तिच्या एका रिसाल्याला नाव मिळालं '20 वी डेक्कन हॉर्स'.

हीच डेक्कन हॉर्स 1914 मध्ये फ्रान्सला गेली. तिच्यात दखनी मुसलमान होते, शीख होते, जाट होते. 14 जुलै 1916 च्या संध्याकाळी, सोमच्या लढाईत, हाय वूड नावाच्या जंगलाजवळ या स्वारांनी उभ्या पिकातून भाले रोखून घोडे घातले. समोर मशीनगन होत्या. भाल्याचा जमाना आणि मशीनगनचा जमाना एकाच शेतात समोरासमोर आल्याचं हे चित्र आहे. रात्रभर त्यांनी जागा धरली आणि पहाटे त्यांना मागं घेतलं गेलं.

निजामाचे स्वतःचे स्वारही युद्धात होते. हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांच्या घोडदळाची एक ब्रिगेड पॅलेस्टाइनमध्ये लढली. 23 सप्टेंबर 1918 ला जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी हैफा शहर घेतलं. दिल्लीचा तीन मूर्ती चौक याच ब्रिगेडचं स्मारक आहे. त्या तीन पुतळ्यांतला एक हैदराबादचा, म्हणजे तेव्हाच्या आपल्या राज्याचा. 2018 पासून त्या चौकाचं नाव तीन मूर्ती हैफा चौक आहे. कधी फोटो बघा. घोडदळाचं स्मारक, पण तिघंही शिपाई पायावर उभे. घोडा एकही नाही.

बारगीर आणि शिलेदार

शाळेत आपण दोन शब्द पाठ केलेत. बारगीर म्हणजे ज्याचा घोडा सरकारी पागेतला, आणि शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं. परीक्षेत दोन गुण. पण या फरकाचा अर्थ कुणी समजावून सांगितला नव्हता. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची सगळी पुंजी गेली, नोकरी गेली, फौजेतली पत गेली. उद्या ट्रॅक्टरचं कर्ज अंगावर असताना ट्रॅक्टरच जळाला तर जे होईल, ते. वर ट्रॅक्टरला डोळे नसतात.

इंग्रजांनी ही पद्धत शब्दासकट उचलली. त्यांच्या हिंदुस्थानी घोडदळात ती 'सिलदार' पद्धत म्हणून चालली. भरती होणारा जवान ठरावीक रक्कम भरायचा आणि त्यातून त्याचा घोडा, खोगीर, सामान उभं राहायचं. त्या वाट्याला असामी म्हणत. परदेशातल्या महायुद्धात मेलेल्या घोड्यांची भरपाई या हिशेबानं होणं अशक्य होतं, त्यामुळे युद्धानंतर ही पद्धत मोडीत निघाली.

पद्धत कुठलीही असो, घोडदळातला एक दंडक जगभर सारखा होता: मुक्कामावर पोचल्यावर आधी घोड्याला पाणी, मग माणसाला. खोगीर उतरवायचं, पाठ तपासायची, खरारा करायचा, खूर उचलून खडा अडकलाय का बघायचं, तोबरा बांधायचा. एवढं झाल्याशिवाय स्वारानं स्वतःची भाकरी सोडायची नाही. दिवसभरात काहीही घडलेलं असो. शेजारचा स्वार पडलेला असो, गाव जळताना बघितलेलं असो, संध्याकाळी हात खराऱ्यावर चालायलाच हवेत.

शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या आपल्या लष्कराला लिहिलेलं एक प्रसिद्ध पत्र आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हा त्याचा भाग सगळ्यांना माहीत असतो. पण त्या पत्राचा मोठा भाग घोड्यांच्या दाण्यावैरणीबद्दल आहे. पावसाळाभर पुरेल असा दाणा जपून खर्चा. गवताच्या गंजीजवळ आगट्या करू नका, तंबाखू ओढू नका, रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल. मग घोडे उपाशी मरतील, आणि ते तुम्हीच मारल्यासारखं होईल. राजा उंदरापर्यंत विचार करतो, कारण घोडा गेला की शिपाई बिघडतो आणि शिपाई बिघडला की त्याचा ताप गावाला होतो, हे त्याला कळतं.

याला तेव्हा कुणी उपचार म्हटलं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं. पण लढाईहून आलेल्या माणसाला रोज ठरल्या वेळी, आपल्यावर अवलंबून असलेल्या एका जिवंत प्राण्याच्या अंगावरून हात फिरवावा लागत होता, ही वस्तुस्थिती आहे. घोडदळ रणगाड्यांवर गेलं तेव्हा ही सवय गेली. डेक्कन हॉर्स आज रणगाड्यांची रेजिमेंट आहे. प्रत्यक्ष घोड्यांवरची म्हणून 1953 मध्ये उभारलेली जयपूरची 61 कॅव्हलरी तेवढी उरली.

निवृत्त झालेले घोडे

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं बाहेर पाठवली गेली. त्यांच्याबरोबर 1 लाख 70 हजारांच्या घरात जनावरंही. माणसांपैकी बरेच परत आले. जनावरांचं काय झालं?

त्याचं एक उत्तर कैरोत मिळतं. 1930 मध्ये डोरोथी ब्रूक नावाची एका ब्रिगेडियरची बायको नवऱ्याच्या बदलीमुळे इजिप्तला पोचली. कैरोच्या रस्त्यांवर तिला हाडं वर आलेले, आंधळे, लंगडे घोडे दिसले. चौकशी केल्यावर कळलं की युद्ध संपल्यावर सैन्यानं परत नेण्याचा खर्च वाचवण्यासाठी जागेवर विकून टाकलेले हे लष्करी घोडे. बारा वर्षं ते दगड आणि विटा ओढत होते. तिनं 1931 मध्ये लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ला पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले, आणि पुढच्या तीन वर्षांत तिनं असे पाच हजार घोडे विकत घेतले. बहुतेकांची अवस्था इतकी वाईट होती की त्यांना शांतपणे मरण देणं एवढंच तिच्या हातात होतं. 1934 मध्ये तिनं तिथं जनावरांचा दवाखाना काढला. त्याचीच पुढं 'ब्रूक' ही संस्था झाली. ती आज भारतातही काम करते, वीटभट्टीवरच्या आणि टांग्याच्या घोड्या-खेचरांसाठी.

माणसांच्या बाजूला याच काळात दुसरी गोष्ट घडत होती. फेब्रुवारी 1915 मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं 'लॅन्सेट' नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला. तोफगोळ्यांच्या माऱ्यातून सुटलेल्या, अंगावर जखम नसलेल्या शिपायांना दिसेनासं झालं होतं, आठवेनासं झालं होतं. लष्कराला हा शब्द फारसा मानवला नाही. भित्रेपणाला डॉक्टरी नाव कशाला, असं अनेक अधिकाऱ्यांना वाटायचं. पुढं व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आवाज उठवला, आणि 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी हा आजार दाखल झाला. मायर्सच्या लेखानंतर 65 वर्षांनी.

पीटीएसडीत काय होतं, ते साध्या भाषेत असं. धोका टळलेला असतो, पण अंगाला तो निरोप पोचत नाही. झोप उडते. आवाजानं दचकायला होतं. जुनं दृश्य आठवत नाही तर पुन्हा घडतं. हॉटेलात पाठ भिंतीला लावूनच बसावंसं वाटतं. माणूस घरच्यांपासून तुटत जातो, आणि घरच्यांना वाटतं, हा बदलला.

डेन्मार्कची एक बाई

घोडा आणि उपचार यांची गाठ सैनिकांमुळे पडली नाही. ती पडली लिझ हार्टेल या डॅनिश बाईमुळे. 1944 मध्ये, पोटात मूल असताना, तिला पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय गेले. तरीही ती पुन्हा घोड्यावर बसायला शिकली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिनं 'ड्रेसाज' प्रकारात रौप्यपदक जिंकलं. तिला घोड्यावर चढायला आणि उतरायला मदत लागायची.

गंमत म्हणजे त्याआधीच्या ऑलिंपिकमध्ये या खेळात फक्त लष्करी अधिकारी उतरू शकत. बायकांना आणि बिगरलष्करी पुरुषांना दार उघडलं ते याच वर्षी. सैनिकांची मिरास असलेल्या खेळात एक अपंग बाई आली, आणि तिच्यामुळे युरोप-अमेरिकेत अपंगांसाठी घोडेस्वारीची केंद्रं सुरू व्हायला बळ मिळालं. 1969 मध्ये अमेरिकेत अशा केंद्रांची राष्ट्रीय संघटना झाली. भारतातही मोठ्या शहरांमध्ये विशेष मुलांसाठी अशी घोडेस्वारी चालते.

मग चाक फिरून सैनिकांकडं आलं. 2006 मध्ये अमेरिकी सैन्याच्या एका तुकडीनं इराक-अफगाणिस्तानातून जखमी होऊन आलेल्यांसाठी असा कार्यक्रम सुरू केला. ती तुकडी होती वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत शहिदांची शवपेटी घोडागाड्यावरून नेणारी. सकाळी जे घोडे मेलेल्या सैनिकाला पोचवायला जात, तेच जिवंत राहिलेल्याला पाठीवर घेत.

पण याच तुकडीची पुढची गोष्टही सांगायला हवी. 2022 मध्ये तिथले दोन घोडे चार दिवसांच्या अंतरानं मेले. एकाच्या पोटात वाळू आणि खडी निघाली. चौकशीत हलकी वैरण आणि अपुरी, खराब जागा उघड झाली. 2023 मध्ये घोडागाड्यावरच्या अंत्ययात्रा थांबवाव्या लागल्या. जगातलं सगळ्यात श्रीमंत सैन्य आपल्या सगळ्यात मानाच्या घोड्यांना चांगली वैरण देऊ शकलं नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी चिपळूणला गेलेलं पत्र वॉशिंग्टनलाही लागू होतं.

घोडा नेमकं करतो काय?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी सैनिकांवरच्या या उपचाराची शिस्तीत तपासणी केली. प्रकल्पाचं नाव 'मॅन ओ' वॉर'. हे 1917 मध्ये जन्मलेल्या एका प्रसिद्ध शर्यतीच्या घोड्याचं नाव. त्याचा मालक वयाच्या 65 व्या वर्षी पहिल्या महायुद्धासाठी सैन्यात दाखल झाला होता, म्हणून बायकोनं शिंगराचं नाव तसं ठेवलं.

या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. पीटीएसडी असलेले 63 माजी सैनिक, आठ आठवडे, आठवड्यातून एकदा दीड तास, छोट्या गटात. घोड्यावर कुणी बसायचं नाही. खरारा करायचा, दोरी धरून चालवायचं, शेवटी शेवटी दोरीशिवाय. आठ आठवड्यांनी निम्म्या लोकांच्या लक्षणांत डॉक्टरांना दिसेल इतका फरक होता, आणि तीन महिन्यांनीही तो टिकून होता. उपचार मधेच सोडणारे फक्त पाच निघाले. बोलून बोलून जुन्या आठवणी उकराव्या लागणाऱ्या उपचारांतून सैनिक मोठ्या संख्येनं गळतात, हे लक्षात घेतलं तर हा आकडा महत्त्वाचा आहे.

आता दुसरी बाजू. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे फरक घोड्यामुळे पडला, की आठ आठवडे आपल्यासारख्याच माणसांबरोबर मोकळ्या हवेत गेल्यामुळे, हे त्यावरून छातीठोक सांगता येत नाही. घोडा म्हणजे गोळी नाही. कुणी 'हॉर्स थेरपी'च्या नावानं खात्रीचा इलाज विकत असेल, तर खिशावर हात ठेवलेला बरा.

तरीही घोडाच का, याला काही उत्तरं आहेत. घोडा हे शिकार होणारं जनावर. त्याचं अख्खं शरीर धोका ओळखण्यासाठी घडलंय. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे शेपटीमागची थोडी जागा सोडली तर चौफेर दिसतं. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठानं 2016 मध्ये 28 घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले, तेव्हा रागीट चेहरा बघताना त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. तुम्ही आतून ताठलेले आहात, हे तुमच्या बायकोच्या आधी घोड्याला कळतं. तो दोन पावलं मागं सरकतो. तुम्ही श्वास सोडलात, खांदे सैल केलेत की तो परत येतो. यात तुम्हाला कुणी 'शांत व्हा' म्हणत नाही. ते तुमचं तुम्हालाच करावं लागतं, आणि जमलं की नाही याचं उत्तर समोर उभं असतं.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. कळपात काही घोडे आडवे होतात, तेव्हा निदान एक तरी उभा राहून पहारा देतो. म्हणजे झोपायला दुसऱ्याच्या पहाऱ्यावर विश्वास लागतो. पीटीएसडी झालेला सैनिक नेमका इथंच अडकलेला असतो. त्याची पहाऱ्याची पाळी संपलेली आहे, पण ती बदलायला कुणी आलेलं नाही.

आखाड्यावर

आमच्या गल्लीत एक फौजी काका आहेत. सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशीत परत आले. 26 जानेवारीला शाळेत झेंड्याजवळ त्यांची खुर्ची ठरलेली. पोरं भरतीसाठी पळायला लागली की सल्ला विचारायला त्यांच्याकडंच जातात. पण दिवाळीत काका गावात नसतात. लक्ष्मीपूजनाच्या दुपारीच भाकरी बांधून घेतात आणि शेतातल्या आखाड्यावर मुक्कामाला जातात. लग्नाची वरात गल्लीत शिरली, डीजे आणि फटाके सुरू झाले, की मागच्या दारानं निघून जातात. नवरदेवाचा घोडा मात्र बिचारा जाऊ शकत नाही. कान मागं टाकून, डोळ्यांचं पांढरं दाखवत तो तिथंच उभा असतो, आणि आपण त्याच्यासोबत सेल्फी घेतो.

गावानं काकांसाठी कारणं शोधून ठेवली होती. तापट स्वभाव. मिलिटरीची सवय. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे, मालेगावला खंडोबाला नेऊन आणा. पीटीएसडी हा शब्द आमच्या गल्लीत कुणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे मीही तो त्यांना लावणार नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की काकांकडं एक बैलजोडी होती, आणि आखाड्यावर ते बैलांपाशीच बाज टाकायचे. पहाटे चारला उठून वैरण, पाणी, शेण काढणं. बैलांना धुताना ते चक्क गुणगुणायचे.

मागं पाणी कमी पडलं, वैरण महागली, आणि पोरानं ट्रॅक्टर भाड्यानं लावणं परवडतं म्हणून जोडी बाजारात नेली. हिशेब बरोबरच होता. पण काकू एकदा माझ्या आईजवळ म्हणाल्या, "बैलं गेले आन् ह्यांची झोप गेली बघा."

या एका वाक्यावरून शास्त्र उभं करता येत नाही, हे मला कळतं. पण कोलंबियाचा अभ्यास वाचताना तेच वाक्य कानात होतं. आठ आठवडे, दीड तास, खरारा. काकांना ते चोवीस तास, फुकट मिळत होतं, आणि ते काय आहे हे कुणालाच माहीत नसल्यामुळे ते विकताना कुणी ते हिशेबात धरलं नाही.

जवळ असलेल्या गोष्टी

पालमच्या शेजारच्या लोहा तालुक्यात मालेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमाराला, येळवसीच्या दिवसांत, तिथं खंडोबाची यात्रा भरते. घोडे, खेचरं, गाढवं, उंट यांचा मोठा बाजार. देवही घोड्यावर बसणारा. तिथले व्यापारी घोड्याची रवाल चाल बघतात, देवमण बघतात, भोवरे मोजतात. नंदुरबारच्या सारंगखेड्यालाही दत्तजयंतीला असाच बाजार भरतो. पुणे, सातारा, सोलापूरकडचे धनगर बिऱ्हाड लादून नेतात त्या काटक भीमथडी घोड्याला आता स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली आहे. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घोडा जाणणारी माणसं आपल्या आसपास आहेत.

पण कमी होत चालली आहेत. 2012 ची पशुगणना आणि 2019 ची पशुगणना यांच्यामध्ये देशातले घोडे आणि तट्टू 45 टक्क्यांहून जास्त घटले. सव्वासहा लाखांवरून 3 लाख 40 हजारांच्या आसपास आले. घोड्याबरोबर नालबंद जातो, खरारा करणारा जातो, शिंगरू कसं हाताळायचं हे सांगणारा म्हातारा जातो. भाषेत तेवढा तोबरा भरणं, पायबंद घालणं आणि वरातीमागून घोडं उरतं.

सैनिकांसाठीही आपल्या राज्यात जुन्या संस्था आहेत. अपंग सैनिकांना हातचं काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढं पुण्याजवळ खडकीला गेली. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 चं. कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी खडकीतलं पुनर्वसन केंद्र 1974 पासून आहे. पाय गेला तर काय करायचं, हे आपण शंभर वर्षांपूर्वीच शिकायला लागलो. झोप गेली तर काय करायचं, ते आता शिकतोय. 'टेलि-मानस' ही सरकारी मदतवाहिनी 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलातल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष 1 डिसेंबर 2023 ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. जिल्हा पातळीवर सैनिक कल्याण कार्यालयंही आहेत. तिथं निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी माणसं जातात, तेव्हा एक प्रश्न झोपेचाही विचारता येईल.

पालमला उद्या घोड्यांचं उपचार केंद्र निघेल, असलं स्वप्न मी विकणार नाही. एका घोड्याचा महिन्याचा खर्च काढला तरी आमच्याकडचा शेतकरी हात जोडेल. आणि नीट सांभाळता येत नसेल तर घोडा आणू नये, हे कैरो आणि आर्लिंग्टन दोघांनी सांगितलंय. पण या सगळ्या इतिहासातून घेण्यासारखं जे आहे, त्याला घोडाच लागतो असंही नाही. घरी परतलेल्या माणसाला सत्कार आणि खुर्ची यांच्याइतकीच गरज असते ती कुणीतरी आपल्यावर अवलंबून असण्याची. त्याचं तोंड बघून दोन पावलं मागं सरकणाऱ्या आणि तो निवला की परत जवळ येणाऱ्या कुणाची तरी.

तुमच्या गल्लीतही एखादे फौजी काका असतील. भरतीच्या पळण्याबद्दल विचारायला जाल, तेव्हा गोठ्यात काय आहे तेही विचारा. आणि घरच्यांनी जनावर विकायचा हिशेब मांडला, तर वैरणीच्या खर्चासमोरच्या रकान्यात रात्रीची झोपही लिहायला सांगा.